मागचा अ‍ॅक्सल जरूर उतरवा, क्राउन-पिनियन सोडण्याआधी मात्र मोजा

प्रश्न : वडिलांनी तरुणपणी घेतलेली १९६४ सालची चार दरवाज्यांची गाडी आमच्याकडे आहे. मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गेल्या वर्षापासून मागून घरघर येते, पन्नासच्या पुढे जास्त. क्लच सोडताना मागे ‘खट्’ असा आवाज होतो. आता डाव्या मागच्या ड्रममध्ये तेलही उतरलंय आणि ब्रेक लावला की उजवं मागचं चाक आधी आवळतं. दोन मेकॅनिकांनी काहीही न उघडता सांगितलं की क्राउन-पिनियन गेला, दुसरा अ‍ॅक्सल शोधा. वडील ८३ वर्षांचे आहेत. या गाडीत पुन्हा एकदा बसायचं आहे, असं अधूनमधून म्हणतात. क्लच, कार्ब्युरेटर, ब्रेक ही कामं मी घरी केलेली आहेत. अ‍ॅक्सल स्वतः उतरवून, दुरुस्त करून परत बसवता येईल का? कुठवर हात घालावा आणि कुठे थांबावं?

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. ‘कुठे थांबावं’ हे आधी विचारणारा माणूस सहसा अ‍ॅक्सलची वाट लावत नाही.

सरळ उत्तर असं. अ‍ॅक्सल गाडीखालून काढणं, सील, बेअरिंग, बुश आणि ब्रेक लायनर नवे करणं, हौजिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच, साफ करून रंगवणं आणि सगळं परत चढवणं तुम्हाला घरी जमेल. ताकद लागेल, जोडीला एक माणूस लागेल, दोन-तीन सुट्ट्या जातील. क्राउन व्हील (अ‍ॅक्सलच्या पोटातला मोठा दातेरी गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांची आपसातली जुळणी मात्र मोजमापाने दोषी ठरेपर्यंत सोडायची नाही. तुमच्या गाडीत ती दोषी आहे असं पत्रावरून तरी मला वाटत नाही. घरघर आणि ड्रममधलं तेल या दोन्हींचं मूळ डाव्या टोकाच्या बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. ‘खट्’ बहुधा वेगळ्याच ठिकाणचा आहे.

मी हे ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल असाच घरघरत होता. मी तो उतरवला, उत्साहाच्या भरात पार आतपर्यंत उघडला आणि निघालेल्या सगळ्या शिम (नेमकं अंतर राखणाऱ्या पातळ चकत्या) एका डब्यात टाकल्या. कुठली शिम डावीकडची, कुठली उजवीकडची, पिनियनमागे किती जाडीची होती, यातलं काहीही लिहून ठेवलं नाही. नवी बेअरिंग घालून अंदाजाने बसवला. घरघर गेली, पण तिच्या जागी असा तीक्ष्ण सूर आला की गाडीत बोलणं अशक्य झालं. नंतर कळलं की दोष फक्त उजव्या चाकाच्या बेअरिंगचा होता. इतकी वर्षं एकमेकांत मुरलेली दातांची जोडी मी एका दुपारी विस्कटली आणि ती पुन्हा कधीच गप्प झाली नाही. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय मी काही सोडत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक सकाळ गाडी ऐकण्यात घालवा. ब्रेक अशा अवस्थेत आहेत, तेव्हा रस्ता अगदी मोकळा, सपाट आणि गुळगुळीत हवा आणि वेग घरघर ऐकू येण्यापुरताच. शेजारी कुणाला तरी वही देऊन बसवा. पाय दाबून ओढीवर ऐका, पाय उचलून सोडीवर ऐका, मग गाडी त्याच वेगात नुसती चालती ठेवून ऐका. दात झिजले असतील तर आवाज सुरासारखा येतो, ‘ऊंऽऽ’ असा, आणि पाय दाबला-उचलला की तो बदलतो किंवा एकदम नाहीसा होतो. ओढीवर दाताची एक बाजू काम करते, सोडीवर दुसरी, आणि दोन्ही बाजू सहसा सारख्या झिजत नाहीत. चाकाच्या बेअरिंगला तुमच्या पायाशी देणंघेणं नसतं. त्याची घरघर चाकाच्या वेगाबरोबर वाढते, एवढंच. क्षणभर गिअर न्यूट्रल करून गाडी वाहू दिली आणि घरघर तशीच राहिली, तर दातांवरचा संशय बराच कमी होतो. मग लांबट, सावकाश वळणं घ्या. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला, तर डावं बेअरिंग स्वतःच कबुली देतंय असं समजा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलत असेल तर आधी टायर बघा. जुन्या, कडक झालेल्या टायरांची घरघर अ‍ॅक्सलच्या माथी मारलेली मी अनेकदा पाहिली आहे.

घरी आल्यावर मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये, प्रत्येक चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात त्या बाजूच्या पाट्यावर ठेवा. खडबडीत झालेलं बेअरिंग कानाला ऐकू येण्याआधी पाट्यातून हाताला जाणवतं. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवूनही बघा. इंजिन चालू करून, चाकं हवेत फिरत असताना गाडीखाली जाऊन ऐकायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

आता ‘खट्’. ओढ सुरू होताना इंजिनपासून चाकापर्यंतचा साचलेला सगळा खेळ एका क्षणात भरून निघतो, त्याचा हा आवाज. खेळ कुठे आहे ते शोधायचं. गाडी जमिनीवर, पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे), हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा लांब दांडा) हाताने मागे-पुढे फिरवा आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसच्या दोन्ही बाजूंच्या फाट्यांकडे बघा. एक फाटा हलतो आणि दुसरा उशिरा हलतो असं दिसलं, तर दोष क्रॉसचा. पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या चकतीवर) आणि हौजिंगवर खडूने एकेक रेघ मारून फ्लँज स्वतः किती फिरते तेही मोजून वहीत लिहा. थोडा खेळ प्रत्येक जुन्या अ‍ॅक्सलला असतोच, कारण दात, आतले छोटे गिअर, त्यांचे थ्रस्ट वॉशर आणि हाफ शाफ्टच्या (अ‍ॅक्सलच्या पोटापासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) खाचा या सगळ्यांचा मिळून तो बनतो. त्यावरून घाबरू नका. मग अ‍ॅक्सल पाट्याला आवळून धरणाऱ्या यू बोल्टांकडे या. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या बैठकीभोवती गंजाचं तांबूस पीठ दिसतंय का? दिसलं तर अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतोय आणि ‘खट्’चं उत्तर तिथेच आहे. असंच पीठ हबच्या (चाक ज्याला जोडलेलं असतं त्या भागाच्या) मध्यभागी, नटाभोवती दिसलं तर हब शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, सैल झालाय आणि सगळा जोर हब आणि शाफ्ट यांच्यामधल्या बिचाऱ्या एका चावीवर पडतोय. ही गोष्ट गंभीर आहे. तसं आढळलं तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका.

या अ‍ॅक्सलमध्ये पाट्यांचं काम फक्त धक्के झेलायचं नाही, हे लक्षात असलेलं बरं. अ‍ॅक्सलला जागेवर धरणं, गाडी पुढे ढकलणं आणि पिनियनचा उलटा पीळ सोसणं हेसुद्धा पाटेच करतात. हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात ती हीच रचना. म्हणून पाट्याचा एक झिजलेला बुश किंवा सैल यू बोल्ट डिफरेन्शियल (अ‍ॅक्सलच्या पोटातला गिअरांचा संच) खराब झाल्याचा हुबेहूब भास घडवू शकतो.

ड्रममधलं तेल बोटावर घेऊन त्याचा वास बघा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते चिकट असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं, आणि ते असेल तर तुमचा व्हील सिलिंडर गळतोय. गिअर ऑइल निघालं तर नवं सील आणण्याआधी हौजिंगच्या वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड) तपासा. चिखलाने आणि रंगाने बुजलेला ब्रीदर मी इतक्या गाड्यांत पाहिला आहे की आता पहिली नजर तिथेच जाते. अ‍ॅक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नसली की ती तेल घेऊन सीलमधून निघते. तेल जास्त भरलं असेल तरी हेच होतं. आणि बेअरिंग सैल असेल तर शाफ्ट डगमगतो. मग जगातलं सगळ्यात चांगलं सीलही महिनाभरात गळायला लागतं.

एवढं झाल्यावर अ‍ॅक्सल उतरवायला घ्या. त्याआधी चार-पाच दिवस रोज यू बोल्ट, शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारा हलता दुवा), ब्रेक पाइप आणि प्रोपेलर शाफ्टच्या नटांवर गंज सोडवणारं तेल टाकत राहा. घाईने तुटलेला एक बोल्ट अख्खा दिवस खातो.

पहिला पाना तेल भरण्याच्या बुचाला लावायचा. ते सुटतं आहे याची खात्री झाली की मगच खालचं बूच उघडून तेल काढायचं. उलट केलं आणि वरचं बूच अडकून बसलं तर अ‍ॅक्सल रिकामा आणि भरायला वाट नाही. तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि उजेडात नीट बघा, ते तुमच्याशी बोलतं. बुचाच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असेल तर ती वयाची झीज, चिंता नको. चमकणारे पापुद्रे, सुईसारखे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गोष्ट वेगळी, त्याकडे पुढे येतो. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी शिरलंय.

हबचे मोठे नट चाकं जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, पुढच्या चाकांना उटी लावून सैल करा. ते फार घट्ट असतात, आणि घोड्यांवर ठेवलेल्या गाडीवर तेवढा जोर लावणं धोक्याचं आहे. मग गाडी उचला. घोड्या पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या थोड्या पुढे, चेसीच्या किंवा बॉडीच्या मजबूत भागाखाली, सपाट आणि टणक जमिनीवर. अ‍ॅक्सलखाली घोडी लावून चालणार नाही, कारण तोच काढायचा आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नका. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला कडेने जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेली चाकंही बॉडीखाली आडवी सरकवून ठेवा.

ड्रम उघडल्यावर धूळ हवेने उडवू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसात गेला की राहतोच. पाण्याने ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क ठेवा.

प्रोपेलर शाफ्टची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज यांवर एकच रंगाची रेघ ओढा, म्हणजे ती जोडी परत तशीच बसेल. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी असेल तर तिची जाड बाजू कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो घ्या. ती पिनियनचा कोन ठरवते, आणि उलटी बसली तर गाडी वेगात थरथरते. ब्रेकचा रबरी होज सोडून तोंडं बंद करा, हँडब्रेकची केबल आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे दुवे मोकळे करा. अ‍ॅक्सलच्या पोटाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉली जॅक लावा, मग यू बोल्ट सोडा. बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसलेला असतो. त्यामुळे मागचे शॅकल सोडून पाट्यांची मागची टोकं सावकाश खाली टेकवली की तो मागे ओढता येतो. मध्यम गाडीचा अ‍ॅक्सल पन्नास ते सत्तर किलोच्या घरात जातो आणि पोट एका बाजूला जड असल्याने जॅकवर अचानक फिरतो. दोघांनी दोन्ही टोकं धरा, तिसरा असेल तर जॅक त्याच्याकडे द्या.

उतरलेला अ‍ॅक्सल बाहेरून पूर्ण स्वच्छ होईपर्यंत काहीही उघडू नका. साठ वर्षांची माती एका मिनिटात बेअरिंगमध्ये जाते.

हब टेपरवर बसलेला असेल तर तो ठोकून निघत नाही, पुलरच लागतो. नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे धरून ठेवा. पुलरला ताण द्या आणि मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक ठोका द्या. हब सुटतो तो मोठा आवाज करून उडतो, आणि नट आट्यांवर असला की जागीच अडतो. शाफ्टच्या टोकावर थेट घण घालायचा मोह होईल. तो मार आतपर्यंत जातो, बेअरिंगच्या वाटीवर गोळ्यांचे खळगे पडतात, आटेही चेपतात.

हाफ शाफ्ट बाहेर आल्यावर तो उन्हात घेऊन बसा आणि वेळ द्या. खाचा सरळ रेषेत आहेत का बघा. त्या पिळलेल्या दिसल्या तर शाफ्ट कधीतरी मर्यादेपलीकडे ताणला गेलाय. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात आणि टेपर सुरू होतो तिथे केसासारखी चीर शोधा. तुमच्या गाडीच्या वयाच्या बहुतेक प्रवासी गाड्यांत चाक शाफ्टवरच तोललेलं असतं, शाफ्ट तुटला तर चाक निघून जातं. म्हणून इथे संशयाला जागा ठेवायची नाही, चीर दिसली की शाफ्ट बाद. सील ज्या जागेवर घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही गळणार. तिथे पातळ बाही चढवून घ्या किंवा जागा असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवा.

बेअरिंग मागे कॉलरने दाबून धरलेलं असेल तर कॉलरला ड्रिलने अर्धवट भोक पाडा आणि छिन्नीचा एक ठोका द्या, ती फुटून निघते. गॅस कटर शाफ्टजवळ आणू नका, पोलादाचा कडकपणा जातो. कॉलर नेहमी नवी. नवं बेअरिंग दाबताना जोर आतल्या रिंगवरच द्या, बाहेरच्या रिंगवर दिलेला जोर गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसवता बसवता जुनं होतं. प्रेस नसेल तर एवढं काम मशिन शॉपमधून करून आणा, त्यात कमीपणा नाही. सीलचा ओठ तेलाच्या बाजूला, ओठाला थोडं ग्रीस, आणि सील सरळ जाईल अशा मापाच्या नळीने दाबायचं. डावीकडचं गेलं असलं तरी बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंची बदला. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून सुधारत नाहीत, तेही दोन्ही बाजूंचे नवे घाला.

हौजिंगमध्ये मुख्य बघायचं ते पाट्यांच्या बैठकींचं वेल्डिंग आणि गंज, ब्रीदरचं भोक आणि नळ्या सरळ आहेत की नाहीत. टायर आतल्या कडेला जास्त झिजत असतील तर हौजिंग वाकलेलं असण्याचा संशय घ्या आणि ते मशिन शॉपमध्ये तपासून घ्या. बाकी घासून, प्रायमर मारून रंगवा, फक्त ब्रीदर आणि बुचांचे आटे झाका.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, कुठे थांबायचं. क्राउन व्हील आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने जुळवलेले असतात, म्हणून एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावायची नसते. शिवाय तुमच्या गाडीच्या काळातल्या अ‍ॅक्सलचे दात बहुधा हायपॉइड आहेत, म्हणजे पिनियनचा मध्य क्राउन व्हीलच्या मध्यापेक्षा खाली सरकवलेला. पॅकार्ड या अमेरिकन मोटार कंपनीने १९२६-२७ च्या सुमारास प्रवासी गाड्यांत ही रचना आणली. शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली आला आणि दात शांत झाले. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, आडवे घसरतातही, त्यामुळे जुळणीत थोडी चूकही सहन होत नाही. चार गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात : पिनियन किती खोल बसतो, त्याच्या बेअरिंगवर आधीपासून किती ताण आहे, बाजूच्या बेअरिंगवर किती ताण आहे आणि दातांमधला खेळ किती आहे. हा खेळ, बॅकलॅश, बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल.

तुम्ही इतकंच करा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) मिळवा आणि क्राउन व्हीलच्या चार जागी बॅकलॅश मोजा. दातांवर जुळणी बघायचा रंग लावून चाक फिरवा आणि ठसा कुठे पडतो त्याचा फोटो घ्या. ठसा दाताच्या मध्याजवळ, टोकापासून आणि मुळापासून दूर असेल, बॅकलॅश मापात असेल, दातांवर खड्डे नसतील आणि पिनियन हाताने फिरवताना मऊ, सलग फिरत असेल, तर झाकण लावा आणि ती जोडी आहे तशी राहू द्या.

पिनियनचं सील गळत असेल तर ते बदलता येतं, पण नट सोडण्याआधी सावध. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये पातळ नळी असते. पहिल्यांदा आवळताना ती ठरवून चेपली जाते आणि पुन्हा कधी उंच होत नाही. हाफ शाफ्ट बाहेर असताना फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने पिनियन फिरवायला किती ओढ लागते ते मोजा. नट, शाफ्ट आणि फ्लँज यांवर मिळून एक खूण करा, नटाबाहेर दिसणारे आटे मोजा. सील बदलल्यावर नट त्याच खुणेवर आणा आणि ओढ पुन्हा मोजा. खुणेच्या बऱ्याच पुढे गेलात तर नळी जास्त चेपते, मग नवी नळी आणि नवी जुळणी याला पर्याय नाही.

तेलात तुकडे निघाले, दातांवर खड्डे दिसले किंवा पिनियन खडबडीत फिरला, तर इथे थांबा. तुमच्या अ‍ॅक्सलचं पोट पुढून नटांनी सुटणारं असेल तर आतला सगळा संच अखंड बाहेर येतो आणि जाणकाराकडे नेता येतो. सलग ओतीव पोटाचा असेल तर पूर्ण अ‍ॅक्सल न्यावा लागतो. कुणाकडूनही काम करून घ्या, पण बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी पंचची खूण असल्याशिवाय त्या सोडू देऊ नका. त्या टोप्या आपापल्या जागी बसवूनच कातलेल्या असतात आणि अदलाबदल केली की जुळत नाहीत. दुसरा संच घ्यायची वेळ आलीच तर प्रमाण आधी तपासा. एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा, तेवढ्यात पिनियन जितके फेरे फिरेल ते प्रमाण. जुन्याशी जुळलं नाही तर स्पीडोमीटर खोटं बोलेल आणि गाडीची चालही बदलेल.

परत बसवण्याचा क्रम उलटा आहे, त्यातल्या चुकणाऱ्या जागा तेवढ्या सांगतो. पाट्यांचे बुश आत्ताच नवे घाला, नंतर सगळं पुन्हा उतरवावं लागेल. यू बोल्ट आणि त्यांचे नट नवे घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंय याची बोटाने खात्री करूनच यू बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे, समान आवळा. ते डोकं कडेवर राहिलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शॅकल आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट आधी फक्त हाताने लावा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरल्यावर, स्वतःच्या वजनाने बसल्यावर. हवेत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हबचा टेपर कोरडा आणि स्वच्छ असावा. नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर आवळा, आणि पिनेचं भोक खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधी घेऊ नका.

तेल भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, म्हणून स्टीअरिंगला ‘तेल नाही’ असा कागद बांधून ठेवा. मी आजही बांधतो. गाडी सपाट उभी असताना बुचाच्या काठाशी येईपर्यंत भरा. तुमच्या मापाच्या अ‍ॅक्सलला साधारण एक ते दीड लिटर लागतं. हायपॉइड दातांना जास्त दाब सोसणारं ८०डब्ल्यू-९० सारखं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी भागांना ते मानवेलच असं नाही. मग ब्रेकची हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आधी ड्रममधले शू जुळवा, हँडब्रेकची केबल नंतर. पेडल कडक झालं, गळती नाही, हे उभ्या गाडीत तपासूनच बाहेर पडा.

पहिली फेरी दहा-पंधरा किलोमीटरची, हलक्या पायाने. परत आल्यावर दोन्ही हबांजवळ आणि पिनियनच्या नाकाजवळ हात नेऊन बघा. कोमट असणं ठीक, एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर आधी ब्रेक धरतोय का ते बघा, मग बेअरिंग. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू बोल्ट आणि हबचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. यू बोल्ट थोडे सैल पडलेले सापडतील, तसं होतंच. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदला आणि चुंबक पुन्हा बघा.

एक काम मात्र आजच करा. वडिलांना विचारा की ही घरघर त्यांना केव्हापासून आठवते. वीस वर्षं त्याच सुरात येत असलेला आवाज आणि गेल्या वर्षी सुरू झालेली घरघर यांचा अर्थ वेगळा असतो, आणि या गाडीचा मूळ आवाज कानात असलेला माणूस तुमच्या घरात तेवढा एकच आहे. पहिल्या फेरीत सगळं ठीक निघालं की पुढच्या फेरीला त्यांना मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसवा. अ‍ॅक्सल तिथून सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. ते काय म्हणतात ते वहीत लिहा, आणि मलाही कळवा.